गरोदरपण, फुगलेल्या शिरा आणि उभ्यानं करायची नोकरी

आमच्या केंद्रातल्या एका शिक्षिकेला सध्या चौथा महिना लागलाय. मागच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळेला ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या पायाचं नेमकं काय झालं होतं? माझ्यापण गुडघ्यामागं निळं निळं दिसायला लागलंय. घरी सगळे म्हणतात, होतंच असं." फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा सगळं क्रमानं लिहून काढते, म्हणजे तिच्यासारख्या इतर जणींनाही उपयोग होईल. मी डॉक्टर नाही. पुढं जे मोजे, तपासण्या, इंजेक्शनं येतील ती माझी प्रकृती बघून माझ्या डॉक्टरांनी ठरवलेली होती. तुमचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण काय विचारायचं ते माहीत असलं की निम्मी भीती जाते.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. शाळा तासगाव रस्त्यावरच्या एका गावात, जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी. दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात. एका गटाला गणितं घालून द्यायची आणि दुसऱ्या गटाकडं वळायचं, असा सगळा दिवस उभ्यानं जातो. जाण्यायेण्याला एसटी नाहीतर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप. वडापात जागा मिळाली तरी गुडघे दुमडून, अवघडून बसावं लागतं.

जुलै २०२४ मध्ये दिवस गेल्याचं कळलं. पहिल्या तपासणीला डॉक्टर मॅडमनी नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी दोन विचारले. आईच्या किंवा बहिणीच्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत का? आणि घरात कोणाच्या पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली होती का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' होतं. पहिल्याचं 'हो'. माझ्या आईच्या दोन्ही पोटऱ्यांवर जाड, वळणावळणाच्या शिरा आहेत. माझ्या आणि भावाच्या वेळेला आल्या आणि तशाच राहिल्या. आयुष्यभर द्राक्षबागेत उभ्यानं काम केलं, पण ते पाय तिनं कधी कोणाला दाखवले नाहीत. मॅडमनी फाइलवर लाल पेनानं 'आई – व्हेरिकोज' असं लिहिलं. ते दोन शब्द पुढं वेळोवेळी कामाला आले. तुम्हाला हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर आपण होऊन सांगा.

त्याच महिन्यात घराजवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नोंदणी केली. बारा आठवड्यांच्या आत करायची असते. आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स लागली. आशाताई घरी येऊन सगळं समजावून गेल्या. मी जिल्हा परिषदेची नियमित कर्मचारी असल्यामुळं मातृवंदना योजनेचे पैसे मला लागू नव्हते, पण माता व बाल संरक्षण कार्ड सगळ्यांना मिळतं. खासगीत दाखवत असलात तरी ते कार्ड करून घ्या. वजन, रक्तदाब, लघवीची तपासणी सगळं एका ठिकाणी राहतं, आणि अडचणीच्या वेळी नवा डॉक्टर आधी तेच बघतो. खासगी परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. पायाची तक्रार तिथंही सांगता येते.

पहिले तीन महिने मळमळीत गेले, पायांकडं लक्ष द्यायला उसंतच नव्हती. गणपती आले ७ सप्टेंबरला. गौरीच्या जेवणादिवशी सकाळपासून ओट्यापाशी उभी होते. संध्याकाळी साडी बदलताना दिसलं, डाव्या गुडघ्यामागून आतल्या बाजूनं मांडीकडं एक हिरवट-निळी शीर वर आली होती. दुखत नव्हती. पाय मात्र शिसं भरल्यासारखे जड. रात्री पाय उंचावर ठेवून झोपले तर सकाळी शीर बसलेली, आणि शाळेतून येईपर्यंत पुन्हा वर.

पुढच्या तपासणीला मी पाय दाखवला. मॅडमनी आधी उभं करून पाहिलं, मग झोपवून, मग पावलावरची नाडी बोटानं चाचपली. माहेरी द्राक्षबाग आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "विहिरीवरच्या मोटारीला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना? तो गळका झाला की चढलेलं पाणी परत खाली येतं. तुमच्या शिरांमध्ये जागोजागी तसे व्हॉल्व्ह आहेत. रक्त खालून वर न्यायचं, आणि ढकलणारी मोटार म्हणजे पोटरीचा स्नायू. तुम्ही एका जागी उभ्या राहिलात की मोटार बंद." मग त्यांनी बाकीचं सांगितलं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होत जातं. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळं शिरांच्या भिंती सैल पडतात. वाढती पिशवी ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर दाब देते. घरात आधीच शिरांचा त्रास असेल तर हे लवकर दिसायला लागतं. लेसर किंवा शस्त्रक्रिया या काळात करत नाहीत, कारण बाळंतपणानंतर पुष्कळ शिरा आपोआप उतरतात. तोवर सांभाळायचं.

सांभाळायचं म्हणजे काय, तर एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसायचं नाही, रोज चालायचं, झोपताना डाव्या कुशीवर, आणि पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट. विटांचा फरक मला पहिल्या आठवड्यातच जाणवला. नुसत्या उशा पायाखाली घेतल्या तर रात्रीत सरकून जातात. आणि कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, म्हणजे दाबाचे मोजे.

या मोज्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझा सगळ्यात जास्त गोंधळ इथंच झाला आणि नीट सांगणारं कोणी भेटलं नाही.

चिठ्ठीवर 'क्लास २, मांडीपर्यंत' असं होतं. क्लास २ म्हणजे घोट्यापाशी साधारण २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब, आणि वर जाईल तसा कमी होत जाणारा. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "एम देऊ का एल?" मोजायची पद्धत विचारली तर म्हणाला, अंदाजानं बसतो. दुसरीकडं पांढरे मोजे दाखवले, किंमतही कमी. ते ऑपरेशननंतर पडून राहणाऱ्या पेशंटसाठी असतात. चालत्याफिरत्या माणसाला तेवढा दाब पुरत नाही. शेवटी मिरजेला गेले. आमच्याकडं दवाखान्याचं काही निघालं की मिरजेला जातात, तसंच दवाखान्याच्या सामानाचंही. तिथल्या दुकानातल्या काकांनी संध्याकाळी मोजे द्यायलाच नकार दिला. म्हणाले, "आत्ता पाय सुजलेला असणार बाई. सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली टेकवायच्या आधी टेपनं माप घ्या आणि फोन करा." घोट्याचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा सगळ्यात जाड भाग, मांडी, आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची, अशी दोन्ही पायांची मापं नवऱ्यानं घेतली. माझे दोन पाय सारखे नव्हतेच, डावी पोटरी तेव्हाच जरा जास्त भरली. ती मापं मी कार्डाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली.

जोडीला २८०० रुपये पडले. बोटं उघडी राहतील असा प्रकार घेतला, म्हणजे पावलाचा रंग दिसतो आणि उन्हाळ्यात जरा बरं पडतं.

घालायची वेळ सकाळी, पलंगावरून उतरायच्या आधी. एकदा उभं राहिलं की रक्त खाली उतरतं आणि मग मोजा चढता चढत नाही. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, आधी पाऊल आणि टाच नीट बसवायची, मग थोडाथोडा वर घ्यायचा. वरून धरून ओढायचा नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून केलं तर पकड येते आणि नखानं धागा निघत नाही. आधी पायाला तेल किंवा क्रीम लावायचं नाही, ते रात्री काढल्यावर. वरची कड दुमडली तर काढून नीट करायची, कारण दुमडलेल्या जागी दुप्पट दाब पडतो आणि रक्त उलट अडतं. रात्री काढून साध्या साबणानं हातानं धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. रोज धुवायचे म्हणून महिन्याभरानं दुसरी जोडी घेतली.

मांडीपर्यंतचे मोजे मला फार दिवस झेपले नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात वरची सिलिकॉनची पट्टी रुतायची, खाज सुटायची, चालताना मोजा घसरायचा. मी हे मॅडमना सांगितलं. त्यांना वाटलं होतं मी घालणंच सोडून दिलं असेल, बऱ्याच जणी सोडून देतात म्हणे. त्यांनी लगेच गुडघ्याखालचे लिहून दिले, १६०० रुपयांचे. "न घातलेल्या मांडीच्या मोज्यापेक्षा घातलेला गुडघ्याचा बरा," असं त्यांचं म्हणणं. ते मात्र मी नऊही महिने पूर्ण होईपर्यंत वापरले. साडीखाली कोणाला दिसतही नाहीत.

जोडव्यांचा विषय याच वेळेला निघाला. मोजा घालताना जोडवं अडकायचं, आणि पुढं सूज आली की ती निघणार नाहीत असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. सासूबाईंना कसं विचारावं या काळजीत माझे चार-पाच दिवस गेले. शेवटी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच साबणाचं पाणी आणलं, खाली बसून माझ्या बोटांतून हळूहळू फिरवत जोडवी काढली आणि देवाजवळच्या डबीत ठेवली. "तुझे पाय नीट राहू देत, जोडवी काय, बाळंतपणानंतर घालशील," एवढंच म्हणाल्या. माझे डोळे भरून आले होते. सातव्या महिन्यानंतर ज्यांची जोडवी रुतून बसतात त्यांना कटरनं तोडावी लागतात. वेळेत काढलेली बरी.

शाळेत मी मुख्याध्यापकांना लेखी कळवलं. तोंडी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं, पण कागद दप्तरी असावा असं मला वाटतं. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, 'दीर्घकाळ उभे राहणे टाळावे' असं स्पष्ट लिहिलेलं. वर्गात खुर्ची आणि पाय टेकायला एक पाट आला. मुलांनी तर माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. जरा उभी राहिले की पुढच्या ओळीतून आवाज यायचा, "बाई, बसा की." टाचा वरखाली करायचा व्यायाम मी परिपाठातच घातला. प्रार्थना झाली की सगळी मुलं माझ्याबरोबर चवड्यांवर उभी राहायची आणि खाली यायची, पाढे म्हणत. बसल्या बसल्या पावलं गोल फिरवायची, पंजा वर-खाली करायचा, हे तर फळ्यावरचं मुलं उतरवून घेईपर्यंत सहज होतं. येताना वडाप सोडून एसटीच धरायला लागले, थोडं थांबावं लागलं तरी. एसटीत पाय सरळ करता येतात.

सहाव्या महिन्यात रात्री पोटरीत गोळे यायला लागले. झोपेतून ओरडून उठायचे. त्यावर एकच गोष्ट चालली. पायाची बोटं स्वतःकडं, नडगीच्या दिशेनं ओढायची, खाली ताणायची नाहीत, आणि गोळा सुटला की चार पावलं चालायचं. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या की प्रमाण कमी होई. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घ्यायची नाही, हेही तेव्हा कळलं. कॅल्शियममुळं लोह नीट अंगी लागत नाही.

नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती, मतदान २० तारखेला. दिवाळीच्या आसपास प्रशिक्षणाचा आदेश आला. मतदान केंद्रावर आदल्या दिवशीपासून राहणं आणि दिवसभर बसून किंवा उभं राहणं मला शक्य नव्हतं. गरोदर शिक्षिकांना वगळतात, पण आपोआप नाव निघत नाही. अर्ज, आदेशाची प्रत, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन तहसील कार्यालयात गेले. गर्दी होती. रांगेत उभं राहायच्या ऐवजी नवरा उभा राहिला आणि मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. नाव कमी झाल्याचा कागद हातात येईपर्यंत तीच पोच आपला आधार असते.

आता जानेवारी. संक्रांत झाली, ओटभरण झालं, आठवा महिना सुरू होता. शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून आले तर डावी पोटरी दुखत होती. गोळा आल्यासारखी नाही, सलग, आतून. मोजा काढला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा ठळक सुजलेला. हात लावला तर जरा गरम. आमच्या शेजारच्या काकू आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आठव्यात होतंच, कोमट तेलानं जोर लावून चोळ, उतरेल. सासूबाई तेल गरम करायला उठल्यासुद्धा. मला मॅडमचं वाक्य आठवलं. दिवस मावळल्यावर दोन्ही पाय सारखे सुजले तर लगेच फोन करायची गरज नाही, एकच सुजला तर लगेच करायचा. कार्डामागची मापं होतीच. टेप लावला तर डावी पोटरी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त भरली.

फोनवर मॅडमनी दोनच गोष्टी सांगितल्या. पाय अजिबात चोळायचा नाही. आणि उद्यावर ढकलायचं नाही, आत्ताच मिरजेला जाऊन डॉपलर, म्हणजे शिरांमधलं रक्त बघायची सोनोग्राफी, करायची.

असं का, ते नंतर त्यांनी नीट समजावलं. गरोदरपणात रक्त गोठायची प्रवृत्ती मुळातच वाढते, म्हणजे बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहतो. त्यामुळं पायाच्या खोल शिरेत गाठ व्हायची शक्यता एरवीपेक्षा चार-पाच पट होते. तरीही ती हजारात एक-दोघींनाच होते, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण झाली तर बहुतेक वेळा डाव्या पायात, कारण डाव्या बाजूची मोठी शीर ओटीपोटात रोहिणीखाली दबलेली असते. आणि अशी गाठ चोळण्यानं सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. पायाची ही सूज आणि साधी सूज नुसत्या नजरेनं ओळखता येत नाही. डॉपलरनंच कळतं.

सेंटरवर आधार कार्ड मागितलं आणि फॉर्म एफ भरून घेतला. पोटाची नाही, पायाची सोनोग्राफी आहे असं मी म्हटलं, पण बाई गरोदर असली की १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याचा, म्हणजे गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या कायद्याचा, फॉर्म भरावाच लागतो असं तिथल्या ताई म्हणाल्या. म्हणून सांगते, घाईत निघालात तरी आधार कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि माता-बाल कार्ड एका पिशवीत घालूनच निघा. माझी पिशवी दाराला अडकवलेलीच होती. साडेसातला पोहोचलो, नंबर नऊच्या पुढं लागला. बाकावर बसून मी पावलं हलवत होते आणि नवरा माझ्याकडं न बघता भिंतीवरचं पोस्टर वाचत होता. तो घाबरला की असाच गप्प होतो.

तपासणी दुखत नाही. जांघेपासून घोट्यापर्यंत जेल लावून प्रोबनं शीर दाबून बघतात. दाबल्यावर शीर पूर्ण मिटली तर आत गाठ नाही. प्रत्येक जागी डॉक्टर "मिटतीये" म्हणायचे आणि मी श्वास सोडायचे. खोल शिरांमध्ये गाठ नव्हती. कातडीलगतच्या मोठ्या शिरेचे व्हॉल्व्ह मात्र गळके झालेले, रक्त उलटं येत होतं. २२०० रुपये झाले. गाठीचा अंदाज देणाऱ्या डी-डायमरच्या रक्ततपासणीबद्दल मी वाचलं होतं, तेही विचारलं. गरोदरपणात तो आकडा तसाही वाढलेलाच असतो, म्हणून एकट्या त्यावर काही ठरवत नाहीत, असं उत्तर मिळालं. दुखणं राहिलं तर आठवड्याभरात पुन्हा बघायचं ठरलं, कारण अगदी सुरुवातीची किंवा वर ओटीपोटातली गाठ पहिल्या वेळी निसटू शकते. दुखणं थोडं राहिलं होतं, म्हणून पुन्हा केली. तीही स्वच्छ आली.

त्या रात्री घरी पोहोचलो तेव्हा सासूबाई जाग्या होत्या. तेलाची वाटी त्यांनी तशीच बाजूला ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेजारच्या काकूंना सगळं समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं.

फेब्रुवारीत दोन्ही पावलं सुजली. सहा नंबरची चप्पल जाईना, सात नंबरची पट्ट्याची घेतली. पाणी कमी पी, मीठ बंद कर, असे सल्ले मिळाले. मॅडमनी दोन्हीला नाही सांगितलं. पाणी तोडल्यानं सूज उतरत नाही, उलट रक्त घट्ट होतं. त्यांचं लक्ष रक्तदाबाकडं होतं. चेहरा किंवा हाताची बोटं अचानक सुजली, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, तर ती पायांची गोष्ट राहत नाही. रक्तदाब १४०/९० च्या वर आणि लघवीत प्रथिनं असतील तर लगेच दाखल व्हावं लागतं. माझा रक्तदाब ठीक राहिला.

१७ फेब्रुवारीपासून प्रसूती रजा घेतली, १८० दिवसांची. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षण कार्यालयाकडं, सोबत अपेक्षित तारखेचं प्रमाणपत्र. सेवापुस्तकात नोंद झाली का हे नंतर स्वतः पाहून घ्या. माहेरी जायची पद्धत, पण माझं माहेर तासगाव तालुक्यात आत आहे आणि रात्री काही लागलं तर वेळ गेला असता. म्हणून आईच सांगलीला आली.

१२ मार्चला मुलगी झाली. कळा सुरू झाल्या होत्या, पण बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि सिझेरियन करावं लागलं. सिझेरियन आणि त्यात शिरांचा त्रास, म्हणून मॅडमनी गाठ होऊ नये यासाठी हेपरिनच्या जातीतली इंजेक्शनं दहा दिवसांची लिहून दिली, रोज एक, पोटाच्या कातडीखाली. एकाला साडेचारशेच्या आसपास. दवाखान्यात सिस्टरांनी दिली, घरी गेल्यावर नवऱ्यानं शिकून घेतली. स्तनपान चालू असताना ती चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर उठवायला आल्या तेव्हा टाक्यांमुळं नको वाटत होतं. पण त्या हाताला धरून दारापर्यंत घेऊन गेल्याच. तोवर पडल्या पडल्या पावलं हलवत राहायला सांगितलं होतं.

घरी आल्यावरचा सव्वा महिना हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि यावर आपल्याकडं कोणी बोलत नाही. बाळंतिणीनं उठायचं नाही, बाजेवर पडून राहायचं, खाली शेगडीचा शेक घ्यायचा, बाई येऊन अंग चोळून जाणार. माझ्या आईनं आणि आजीनं हेच केलं. आणि पायात गाठ होण्याची जोखीम सर्वांत जास्त असते ती बाळंतपणानंतरच्या याच सहा आठवड्यांत. डिस्चार्जच्या वेळी मॅडमनी आईला समोर बसवून हे सांगितलं. विश्रांती द्या, जड उचलू देऊ नका, पण दर दोन तासांनी तिला घरातल्या घरात चालवा. पाणी भरपूर द्या. पाठ, हात चोळून घ्यायला हरकत नाही, पायांना जोराची मालिश नको आणि शेगडीचा शेक पायांना नको, उष्णतेनं शिरा आणखी फुगतात.

आईला हे पटायला वेळ लागला. तिच्या मनात होतं की आत्ता चाललीस तर म्हातारपणी कंबर धरेल. मी वाद घातला नाही. तिचा मोजे न घातलेला पाय आणि माझा, दोन्ही शेजारी ठेवून दाखवले. मग तिनंच स्वयंपाकघरातून दर थोड्या वेळानं हाक मारायला सुरुवात केली, "उठलीस का गं? चक्कर मारून ये." पाडव्याला गुढी उभारली तेव्हा मी गॅलरीपर्यंत चालत गेले होते. अंग चोळणाऱ्या बाईंनाही आईनंच बजावलं, पोटऱ्यांना हात लावायचा नाही. एप्रिलच्या उन्हात मोजे घालणं जिवावर यायचं, पण सहा आठवडे सोडले नाहीत. फ्रिजवर एक कागद लावला होता, एक पाय सुजणं, छातीत दुखणं, अचानक दम लागणं, खोकल्यातून रक्त, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन. तो फोन करायची वेळ आली नाही, पण कागद घरातल्या प्रत्येकानं वाचलेला होता.

सहा आठवड्यांच्या तपासणीत पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा विषय निघाला. ज्यांच्या घरात गाठीचा इतिहास आहे किंवा स्वतःला झाली आहे त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. मला कॉपर-टी सुचवली, ती बसवून घेतली.

जूनमध्ये मिरजेला रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवलं. फी ७०० रुपये, डॉपलर वेगळी. मांडीवरची शीर जवळजवळ गेली होती, पोटरीवरची राहिली होती आणि रक्त अजून उलटं येत होतं. त्यांनी घाई केली नाही. पुढच्या मुलाचा विचार आहे का ते विचारलं, कारण लेसर केलं तरी दुसऱ्या खेपेला नव्या शिरा येऊ शकतात. सध्या दुखणं कमी आहे, कातडी काळी पडलेली नाही, जखम नाही, तेव्हा मोजे आणि चालणं चालू ठेवायचं. डिसेंबरमध्ये पुन्हा बघून लेसरचं ठरवायचं.

स्वातंत्र्यदिनानंतर शाळेत रुजू झाले. खुर्ची तिथंच होती, पाटही. गरोदरपणातले मोजे तोवर सैल पडले होते. रोज वापरले की सहा महिन्यांत ताण जातो. नवे घेण्याआधी सकाळी पुन्हा माप घेतलं, तर डाव्या पोटरीचं माप बरंच कमी भरलं आणि साइझच बदलला. जुन्या मापावर मागवले असते तर दाब मिळालाच नसता. आमच्या त्या शिक्षिकेला टेप मी देऊन ठेवलाय.